उजव्या खुब्यातली देवी

परवा घरी येणाऱ्या व्यायामवाल्या मुलीने मला कुशीवर झोपवलं आणि म्हणाली, "आजी, वरचा पाय गुडघ्यात न वाकवता उचला." मी उचलला. तिने बोटांनी माझा खुबा चाचपून पाहिला आणि विचारलं, हे तुम्हाला आधीपासून येतं का. मी म्हटलं, वडिलांना करताना पाहिलंय. तिला वाटलं वडील पैलवान असणार. नाना पैलवान नव्हते. ते तांबट होते, आणि तांबटांमध्येही यथातथाच. त्यांच्या हातची कळशी दिसायला बरी असायची, पण ओट्यावर ठेवली की किंचित एका अंगाला कलायची. गिऱ्हाइकाने तक्रार केली की नाना म्हणायचे, भरली की सरळ होते. आणि ती व्हायचीही, म्हणून धंदा चालला.

त्या मुलीकडे एक चित्र आहे. त्यात खुब्याच्या बाहेरच्या अंगाला हातपंख्यासारखा पसरलेला स्नायू दाखवलाय. ती समजावते आणि मी ऐकून घेते. माणूस चालतो म्हणजे दर पावलाला एका पायावर उभा राहतो, दुसरा पाय हवेत असतो. हवेतल्या पायाच्या बाजूची कंबर खरं तर खाली लोंबायला हवी. पण जमिनीवरच्या पायाकडचा तो पंखा आवळतो आणि कंबर आडवी धरून ठेवतो. तो ढिला पडला की माणूस कलतो. एवढंच ते शास्त्र. मी चौथी शिकले, मलाही कळतं. आमच्या आळीला मात्र ते कळून घ्यायचं नव्हतं, आणि त्यात नानांचं जे व्हायचं ते झालं.

आमची आळी जुन्या नाशकात, गोदावरीच्या अलीकडे. नदीपलीकडे पंचवटी, तिकडे देव आणि भाजी, इकडे आम्ही आणि ठोके. उजाडलं की प्रत्येक ओसरीवर एक माणूस मांडी घालून बसायचा आणि तांब्याला बडवायला लागायचा. चाळिशी उलटलेला एकूण एक पुरुष त्यामुळे निम्मा बहिरा. कुजबुजायची सोयच नव्हती. नवराबायकोचं भांडण असो की मुलीच्या लग्नाची बोलणी, सगळं ओरडून. म्हणून जी गोष्ट बाहेर जायला नको ती आमच्याकडे बोललीच जात नसे. आता त्या आळीत स्टीलची दुकानं आहेत आणि लोक फोनवर हळू बोलतात. तरी सगळ्यांना सगळं माहीत असतंच.

एका अंगणाच्या दोन बाजूंना दोन भावांची बिऱ्हाडं होती. एकीकडे नाना, आई, मी आणि सोनाआत्या. दुसरीकडे नानांचे धाकटे भाऊ दामूकाका, काकू आणि त्यांचे मुलगे. सोनाआत्या दोन्ही भावांपेक्षा मोठी. सासरहून परत आली होती. का परत आली हे कुणी विचारत नसे, कारण विचारलं तर ती सांगेल अशी भीती होती. सकाळी आई चुलीपुढे बसून बाजरीच्या भाकऱ्या थापायची आणि आत्या शेजारी बसून त्यांना नावं ठेवायची. भाकरी पातळ झाली तर म्हणायची, दात कशाला दिलेत देवाने. जाड झाली तर म्हणायची, हिच्यावर ठोके मारायचे का. बरोबर खुरासणीची चटणी, कांदा, रात्रीचं पिठलं उरलं असेल तर ते. नावं ठेवून झाली की सगळ्यात जास्त आत्याच खायची. चैत्रात कैऱ्या यायच्या, मग डाळ, पन्हं, आणि आत्याचं वाटलेल्या कैरीला नावं ठेवणं.

चैत्रातच आळीतल्या देवीची पालखी नदीवर जायची. देवी म्हणजे तांब्याचा मुखवटा. तिला गोदावरीत आंघोळ घालून परत आणायची. देवीला पाठ दाखवायची नाही, म्हणून पालखीपुढे एक माणूस तिच्याकडे तोंड करून, हात जोडून, उलटा चालत जायचा. देवळापासून थेट पाण्यापर्यंत. घाटाच्या पायऱ्यासुद्धा उलट्याच उतरायचा. हा मान आमच्या घरातल्या थोरल्या मुलाचा. त्याच्या पाठीमागे घरची बाई कलश घेऊन पुढची वाट बघत चालायची. तिने तोंडाने बोलायचं नाही. पायरी आली, शेण आलं की एकदा बांगड्या वाजवायच्या. गाय आडवी बसली असली की बांगड्या वाजवतच राहायचं, म्हणजे थांबा. नाना निम्मे बहिरे, पण त्या दिवशी आईच्या बांगड्या त्यांना बरोबर ऐकू यायच्या. एरवी ती समोर उभी राहून ओरडली तरी ऐकू यायची नाही.

उलटा चालणारा पडला तर मान गेला, दुसऱ्या घराला. दुसरं घर म्हणजे दामूकाका. नानांना हा मान का हवा होता ते सांगते. कळशी दामूकाकांची चांगली. आवाज दामूकाकांचा मोठा. मुलगे दामूकाकांना, आणि नानांना मी. गिऱ्हाईक आळीत शिरलं की आधी तिकडे जायचं. वर्षातून एक सकाळ अशी होती की नाना थांबले की देवी थांबायची आणि नाना चालले की देवी चालायची. बाकी वर्षभर त्यांना कुणी 'जरा बाजूला व्हा' यापलीकडे काही म्हणत नसे.

एका दिवाळीनंतर नानांना मुदतीचा ताप आला. आईने पेज आणि मुगाचं पाणी यांच्यावर त्यांना धरून ठेवलं. ताप उतरता उतरता गळू झालं. गळू उजव्या कुल्ल्यावर झालं. हा शब्द लिहिताना आज मला काही वाटत नाही, पण तेव्हा आमच्या घरात तो अवयव कुणालाच नव्हता. कुणी विचारलं तर पाठीला गळू झालंय म्हणायचं, असं ठरलं. डॉक्टरने येऊन ते चिरलं, चांगलं खोल चिरलं, आणि संक्रांतीपर्यंत नाना डाव्या कुशीवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

उठले तेव्हा चाल बदललेली होती. उजवं पाऊल टेकलं की कमरेवरचं सगळं अंग उजवीकडे झुकायचं. डावं टेकलं की सरळ. परत उजवं, परत झुकले. अंगणातून जाताना वाटायचं, दर दुसऱ्या पावलाला ते कुणाच्या तरी कानात काहीतरी सांगताहेत. पाय दुखत नव्हता. पायात जोर होता. तरी ते कलत होते.

पाठीच्या गळवाने माणूस असा कसा चालेल? आळीने विचार केला आणि ठरवलं की नाना प्यायला लागले. काकू उगाच विरजण मागायला यायची आणि नानांजवळून जाताना मोठा श्वास घ्यायची. त्या दिवसांत दारूच्या दुकानांपुढे पांढऱ्या टोप्या घातलेले तरुण उभे राहायचे. त्यांच्यातला एक जण एका सकाळी नानांना धरून घरी घेऊन आला. आईला हात जोडून म्हणाला, "ताई, यांना सांभाळा. माणूस चांगला दिसतो." नाना देवळातून येत होते. त्यांच्या हातात तीर्थाची वाटी होती, ती त्याने वाटेत ओतून टाकली होती.

दामूकाका मग अंगणात येऊन उभे राहिले. "दादा, चैत्र जवळ आला. घाटावर पडलास तर शोभा होईल. मी काही मानासाठी बोलत नाही."

"मग कशासाठी बोलतोस?" आत्याने विचारलं.

"देवीसाठी."

"देवीने पाठवलंय का तुला?"

दामूकाका गेले, पण आत्याला काळजी लागली. तिने ठरवलं की तापात नानांचा एक पाय आखडला. तिने सुतळी घेतली, नानांना जमिनीवर उताणं पाडलं, आणि बेंबीपासून टाचेपर्यंत दोन्ही पाय मोजले. सारखे भरले. आत्याला सुतळीचा संशय आला. सुतळी खरी की खोटी हे बघायला तिने माझे पाय मोजले, आईचे मोजले, मग आळीतला जो सापडेल त्याला पाडून मोजायला लागली. लोकही यायचे. आपले पाय मोजून घ्यायला कुणाला आवडत नाही. शेवटी दामूकाका हसत आले, निरोगी पाय कसे असतात ते बघून घ्या म्हणाले, आणि ऐटीत उताणे झाले. त्यांचा डावा पाय बोटभर आखूड निघाला.

आत्याने परत मोजला. परत बोटभर. दामूकाका उठले, अंगण ओलांडून घराकडे निघाले, आणि अर्ध्या वाटेत लंगडायला लागले. जन्मभर तो माणूस सरळ चालला होता. पायाला एकदा कळलं ते परत विसरता आलं नाही. काकू आत्याशी भांडायला आली. आत्या म्हणाली, "मी काय पाय कापला का त्याचा? होता तेवढा सांगितला." अशा रीतीने मानाचे दोन्ही वारस लंगडे झाले. एक उजवीकडे, एक डावीकडे.

मागच्या गल्लीत इमामभाई वस्तादांची तालीम होती. वस्ताद बोलका माणूस. त्यातलं निम्मं खोटं असायचं आणि उरलेलं त्यांच्या दुधाच्या खुराकाबद्दल असायचं. ते घंगाळ न्यायला आले, ओसरीवर बसले, आणि नानांना अंगणातून येताना बघून म्हणाले, "नानाभाऊ, तुम्ही कुस्ती कधी खेळला?"

"नाही बुवा."

"मग हे कुठून आणलं? जरा एका पायावर उभे राहा. ऐसे नाही, भिंत सोडा. धोतर वर खोचा."

नाना डाव्या पायावर उभे राहिले. त्यांच्या कमरेला काळा करदोडा होता. तो आडवा राहिला, रेघ मारल्यासारखा. मग ते उजव्या पायावर उभे राहिले. करदोडा डावीकडे घसरला, डावं अंग लोंबलं, आणि नाना पडता पडता उजवीकडे झुकले. झुकल्यावर तोल सावरला.

"पायाला काही नाही," वस्ताद म्हणाले. "उजव्या पुठ्ठ्याची, खुब्याची पकड गेली. ती कंबर धरत नाही, म्हणून हा सगळा देह तिकडे फेकतो. नाही फेकला तर पडेल. गळू कुठं झालं होतं?"

सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. मग आत्या म्हणाली, "पाठीला."

"खूण तर खाली दिसते. इतकी खाली पाठ?"

"आमच्याकडे असते," आत्या म्हणाली.

वस्तादांनी मग सगळ्यांना एका पायावर उभं केलं, पकड म्हणजे काय ते कळावं म्हणून. आई उभी राहिली, मी राहिले, आत्या खांबाला धरून राहिली आणि मी धरलेला नाही म्हणून सांगत राहिली. वस्ताद स्वतः राहिले, त्यांचं पोट मात्र हलत होतं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई गळकी कळशी घेऊन दारात आली. तिने आम्हाला बघितलं, कळशी खाली ठेवली, आणि पदर डोक्यावर घेऊन तीही एका पायावर उभी राहिली. बराच वेळ झाल्यावर तिने हळूच विचारलं, "कशाचं व्रत आहे हो?"

वस्तादांनी नानांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, डाव्या कुशीवर झोपून उजवा पाय उचलायचा, रोज, दमेपर्यंत. दुसरी, सकाळी दुधात तूप आणि बदाम घालून लोटाभर प्यायचं. दुसरी गोष्ट नानांनी आधी केली आणि त्यांचं पोट बिघडलं. आधीच ताप, त्यात हे. पाय उचलायचं सोडा, माणूस उठून बसेना. असं करता करता चैत्र उजाडला आणि नाना तसेच कलत होते.

पालखीच्या सकाळी आईने कलश घेतला. नानांना म्हणाली, "पडायचं नाही, एवढंच बघा."

"मी आपणहून पडतो का?"

"नाही म्हणून सांगतेय."

मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन आईच्या शेजारून चालत होते, म्हणून सगळं पाहिलं. सरळ चालताना माणूस पायावर फार वेळ टिकत नाही, पुढे निघून जातो. उलटं चालताना मागचं पाऊल चाचपडत टाकावं लागतं, तेवढा वेळ दुसऱ्या पायावर टांगून राहावं लागतं. त्यामुळे नाना नेहमीपेक्षा दुप्पट कलत होते. उजवा पाय जमिनीवर असला की त्यांचं सगळं अंग सावकाश उजवीकडे जायचं, आता गेले असं वाटायचं, आणि डावं पाऊल मागे टेकलं की परत मधोमध यायचे. हात जोडलेले, डोळे देवीवर, घाम गळत. पुढे संबळ वाजवणारा गोंधळी होता. तो बिचारा वाजवणाऱ्या जातीचा माणूस, त्याला कुठलीही हालचाल दिसली की हात तिकडे जातो. नाना कलले की तो संबळावर थाप मारायला लागला. पालखीचे भोई संबळावर पावलं टाकतात. तेही कलायला लागले. भोई कलले तशी पालखी कलली, आणि पालखीतली देवी उजवीकडे मान टाकायला लागली.

गर्दीतली एक म्हातारी म्हणाली, "आली." कुणी तरी विचारलं, काय आली. "देवी आली त्याच्या अंगात. बघ, दोघं एका तालात आहेत." एवढं पुरलं. बहिऱ्यांच्या आळीत ती बातमी ओरडूनच पुढे गेली. घाटापर्यंत पोचलो तेव्हा लोक 'उदो उदो' करत होते. पायऱ्यांवर तर कहर झाला. नाना उजव्या पायावर टांगलेले, डावा पाय खाली पायरी शोधतोय, अंग असं काही झुकलेलं की पलीकडच्या बायकांनी तोंडावर हात ठेवला, आणि मग पायरी सापडून ते सरळ. दर पायरीला हेच. संबळ तडतडतोय. पाण्याशी पोचल्यावर आळीतले सगळ्यात वडीलधारे गणपतबाबा पुढे आले आणि नानांच्या पाया पडले. मग सगळेच पडले, आणि का कोण जाणे, फक्त उजव्या पायाच्या. दामूकाकांनाही वाकावं लागलं. ते वाकले आणि आखूड पायामुळे उठताना अडखळले, ते कुणी बघितलं नाही.

घरी आल्यावर नाना पाटावर बसले आणि म्हणाले, "मी पडत होतो."

"मला माहीत आहे," आई म्हणाली. "पुरण गरम आहे, खाऊन घ्या."

त्यानंतरचं वर्ष नानांच्या आयुष्यातलं सगळ्यात विचित्र गेलं. लोक तान्ही मुलं घेऊन यायचे आणि नानांना त्यांच्यापुढून नुसतं चालत जायला सांगायचे. एकाने नव्या घराच्या खणलेल्या पायावरून चालवलं. गिऱ्हाईक आधी आमच्याकडे यायला लागलं. कळशी कलली तर कुणी तक्रार करेना, उलट कललेलीच मागायचे. नाना सगळ्यांना सांगायचे, अहो, मला ताप आला होता. लोक हात जोडून म्हणायचे, येणारच, तिचं तेज सोसायचं म्हणजे काय. काकू विरजण मागायला यायची बंद झाली.

आई मात्र बदलली नाही. रोज दुपारी चटई अंथरायची आणि नानांना कुशीवर पाडायची. ती पापड लाटायची, नाना पाय उचलायचे, आत्या उचलण्याला नावं ठेवायची. कुणी दर्शनाला आलं तर बाहेर थांबवून ठेवायचे. मी आईला एकदा विचारलं, एवढं चांगलं चाललंय तर कशाला बरं करतेस. ती म्हणाली, "विहिरीवरून दोन हंडे आणायला मला सरळ माणूस लागतो." पावसाळ्यात झुकणं कमी झालं. दिवाळीत निम्मं. संक्रांत आली तेव्हा नाना डोक्यावर एक हंडा आणि हातात एक घेऊन अंगण ओलांडत होते आणि पाणी सांडत नव्हतं. वस्ताद येऊन म्हणाले, दुधाचा गुण.

आळीला हे कळायला वेळ लागला, कारण लोकांना जे बघायचं असतं ते दिसतं. पण आत्याला कळलं. पालखीच्या आदल्या दिवशी तिने नानांना गाठलं.

"उद्या जरा डुलशील ना?"

"कशाला?"

"कशाला म्हणजे? लोक तेवढ्यासाठी येतात."

"आत्ता मी डुलत नाही, अक्का."

"गेल्या वर्षी कसा डुलत होतास?"

"गेल्या वर्षी मी डुलत नव्हतो. पडत होतो."

"मग थोडं पड. लोकांना काय कळतंय?"

"लोकांना नाही कळत," नाना म्हणाले. "ती समोर बसलेली असते. तिच्या तोंडापुढे नाटक कसं करू?"

"मान गेला तर माझ्याकडे येऊन रडू नकोस. दाम्या टपून बसलाय."

मान जाईल हे त्यांना माझ्यापेक्षा आणि आत्यापेक्षा जास्त कळत होतं. संध्याकाळभर त्यांनी एकच तांब्या ठोकला आणि तो वाकडा झाला. रात्री वाढताना आईने विचारलं, "सरळच चालणार?"

"हो."

"मग धोतर वर खोचा. गेल्या खेपेला पायात येत होतं."

त्या सकाळी नाना जसे चालले तसा उलटा चालणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. आईची बांगडी वाजली की पाऊल मागे, टाच चाचपून टेकलेली, कंबर आडवी, खांदे जागच्या जागी. खाली बघायची गरज नाही, थांबायची गरज नाही. खुब्याची पकड काय असते ते मला त्या दिवशी डोळ्यांना दिसलं. आणि आळी कंटाळली. गोंधळ्याने आपणहून गेल्या वर्षीची थाप सुरू केली, पण नाना कलले नाहीत. भोयांनी त्याच्या नादाने कलून बघितलं, तर पालखी डुलायला लागली आणि नाना सरळ, ते फारच वाईट दिसलं. "यंदा कोरडंच आहे," एक बाई म्हणाली. "गर्व झाला असेल त्याला," दुसरी म्हणाली. नानांना ऐकू गेलं. दोघी ओरडतच बोलत होत्या.

घाटाच्या माथ्यावर गणपतबाबांनी हात वर करून पालखी थांबवली. ते नानांच्या कानाशी गेले आणि सगळ्या नदीला ऐकू जाईल असं विचारलं, "नाना, येत नाही का?"

"काय?"

"देवी."

"समोरच आहे की."

गणपतबाबांनी मान हलवली. तेवढ्यात गर्दीतून दामूकाका पुढे यायला लागले. ते काही मागायला येत होते का, मला आजही सांगता येणार नाही. पण ते डाव्या पायावर बुडत, उजव्यावर वर येत, असे आले, आणि गोंधळ्याचा हात पडला. बुडले की थाप. भोई बिचारे तहानलेलेच होते, ते लगेच डावीकडे कलले. देवीने डावीकडे मान टाकली. गणपतबाबांचे डोळे भरून आले. म्हणाले, "यंदा डावीकडून आली."

'उदो उदो' एवढ्या जोरात झालं की पलीकडे पंचवटीच्या बाजूचे लोक वळून बघायला लागले. मान घरातच राहतोय, भाऊच तर आहे, असं म्हणत चारदोन जणांनी दामूकाकांना पालखीपुढे उभं केलं. काकूने आईच्या हातातला कलश घेतला. घेतला म्हणजे ओढला. आईने सोडून दिला.

आता नानांनी बाजूला व्हायला हवं होतं. पण देवीला पाठ दाखवायची नव्हती, म्हणून ते तिच्याकडे तोंड ठेवून आडवे सरकले. पायरीवर माणसं दाटलेली, कुणाची ओली धोतरं, कुणाच्या फुलांच्या टोपल्या. पायरीच्या टोकाला, खाली पाणी, तिथे एका पावलापुरता दगड मोकळा होता. नानांनी उजवं पाऊल त्यावर ठेवलं. डावं ठेवायला जागाच नव्हती. ते त्यांनी उचलून धरलं आणि हात जोडले.

पालखी लगेच निघून गेली असती तर ठीक होतं. पण काकूने मानासाठी म्हणून दोन्ही हात भरून नव्या बांगड्या घातल्या होत्या. त्या वाजायच्या थांबेनात. बांगड्या वाजत राहिल्या म्हणजे थांबायचं, एवढं दामूकाकांना माहीत होतं. ते दर पायरीला थांबत होते, गाय कुठे आहे ते त्यांना कळत नव्हतं. मग लोक ढकलायचे, मग ते एक पायरी बुडायचे, मग बांगड्या, मग परत थांबायचे. सगळी आळी त्यांच्याकडे बघत होती. पालखी नानांच्या समोरून मुंगीच्या पावलाने चालली होती. आणि नाना त्या दगडाच्या टोकावर, ज्या पायावर वर्षापूर्वी त्यांना भाकरी भाजायला लागते तेवढा वेळही उभं राहता येत नव्हतं, त्या पायावर एकटेच उभे होते. कंबर आडवी. कुठे कलले नाहीत. देवी पुढे सरकेल तसं त्यांनी फक्त तोंड तिच्याबरोबर हळूहळू वळवलं.

पालखी खाली गेली. मागची माणसं गेली. पायऱ्या मोकळ्या झाल्या, टोपल्या उचलल्या गेल्या, पायाला हवी तेवढी जागा झाली. नाना तसेच होते. आई पदर खोचून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"ठेवा आता पाय खाली," ती म्हणाली. "गेली पालखी."

"थांब जरा," नाना म्हणाले. "बरं वाटतंय."